एकसर-समांतर जोडणी: वहीत लिहिलंय बल्ब तेवढाच उजळ राहतो, टेबलावर मात्र मंद होतो

नववी_ब_पालक
नववीच्या धाराविद्युतच्या धड्यासाठी प्रयोग मांडला आहे. होल्डरमध्ये दोन पेन्सिल सेल, २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचे दोन टॉर्चचे बल्ब, क्रोकोडाइल क्लिपच्या तारा. समांतर जोडणीत प्रत्येक बल्बला पूर्ण विभवांतर (व्होल्टेज) मिळतं, त्यामुळे एक बल्ब काढला-लावला तरी दुसऱ्याला फरक पडत नाही, असं वहीत लिहिलं आहे. इथे दुसरा बल्ब लावला की पहिला चांगलाच मंद होऊन राहिला. काढला की परत उजळ. जोडणी चुकली की वही?

मीटरवाली_महाल
जोडणी बरोबर आणि वहीपण बरोबर. फक्त वहीतला सेल आदर्श आहे आणि तुमचा दुकानातला.

खऱ्या सेलच्या पोटात थोडा रोध (रेझिस्टन्स) असतोच, त्याला अंतर्गत रोध म्हणतात. बाहेर तुम्ही एकसर (एकामागोमाग एक) जोडा नाहीतर समांतर (वेगवेगळ्या वाटांनी), हा रोध त्या सगळ्याशी एकसरच राहतो. एका बल्बला त्यातून ०.३ अँपिअर जातात, दोन बल्बना जवळजवळ ०.६. धारा (करंट) वाढली की सेलच्या आतच जास्त व्होल्ट खर्ची पडतात आणि होल्डरच्या तारांवर कमी उरतात. दोन्ही बल्बना समान विभवांतर मिळतं हे अजूनही खरं आहे. ते समान विभवांतरच आधीपेक्षा उतरलेलं असतं.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि होल्डरच्या दोन तारांवर तीन वाचनं घ्या: बल्ब नसताना, एक असताना, दोन असताना. नंतर तीच वाचनं थेट सेलच्या टोपीवर आणि बुडाशी घ्या. दोन्हींत फरक आला तर तेवढा रोध होल्डरच्या स्प्रिंगांत आणि पत्र्यांत आहे. स्वस्त होल्डरमध्ये तो असतोच. सेल साधे झिंक-कार्बनचे असतील तर बल्ब जास्त मंद होईल, अल्कलाइन लावले तर बराच कमी.

तर्री_पोहे_१०वी
मग परीक्षेत "समांतर जोडणीत विभवांतर सारखं राहतं" लिहायचं की नाही?

मीटरवाली_महाल
"सर्व रोधांच्या टोकांमधील विभवांतर समान असते" असं लिहायचं. एकमेकांशी समान. "कधी बदलत नाही" असं त्या वाक्यात कुठेच नाही, आपण ते मनानं जोडतो.

सोनेगाव_सर
मीटरवाली ताईंनी नेमकी गाठ सोडवली. त्याच्याच शेजारी आणखी एक गाठ आहे आणि बहुतेक मुलं तिथे अडकतात: सेल ठरावीक धारा देतो, हा समज. तो एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं उलटं दिसतं. समांतर जोडलं की "धारा वाटली गेली, म्हणून प्रत्येकाला अर्धी" असं मूल लिहितं. सेल (जवळजवळ) ठरावीक विभवांतर देतो. धारा किती निघेल ते बाहेर काय जोडलंय त्यावर ठरतं. समांतर वाट वाढवली की सेलमधून जास्त धारा निघते. आधीची धारा फाटून दोन वाटांना जात नाही.

बल्ब बाजूला ठेवा आणि रोधकांवर करून बघा. बल्बचा रोध गरम-थंड होताना बदलतो, त्यामुळे तो पहिल्या प्रयोगाला वाईट. १०० ओहम आणि २२० ओहम, दोन्ही पाव वॅटचे घ्या. रंगपट्टे बघून घ्या: १००ला तपकिरी-काळा-तपकिरी, २२०ला लाल-लाल-तपकिरी, शेवटी सोनेरी. सोनेरी म्हणजे ५ टक्के कमी-जास्त चालेल. पुरवठा ३ व्होल्ट धरू.

एकसर: एकूण ३२० ओहम. धारा ३ ÷ ३२० = ९.४ मिलिअँपिअर, परिपथात कुठेही मोजा, तेवढीच. १०० ओहमवर ०.९४ व्होल्ट, २२०वर २.०६ व्होल्ट. बेरीज ३.

समांतर: १०० ओहममधून ३० मिलिअँपिअर, २२०मधून १३.६, सेलमधून ४३.६. एकूण रोध ६८.७५ ओहम. म्हणजे दोघांतल्या लहानापेक्षाही लहान. वाट वाढली तर अडथळा घटणारच.

हे आकडे आधी कागदावर काढायचे, मग मीटर लावायचा. उलट केलं तर मूल मीटरवरचा आकडा बघून गणित "जुळवतं". आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी इथे वापरू नका. १०० ओहमवर ९ व्होल्ट म्हणजे ०.८१ वॅट, पाव वॅटच्या रोधकाला तिप्पटीहून जास्त. आधी वास येतो, मग पट्टे काळे पडतात, मग "रोधक खराब निघाला" अशी तक्रार येते.

बर्डी_का_बच्चा
रोधक नागपुरात बर्डीत (सीताबर्डीत) इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतात. "पाव वॅट कार्बन" म्हणून मागा. एकेका किमतीचे दहा घ्या, कारण पाय बारीक असतात आणि पोट्टे वाकवून वाकवून तोडतात. बल्ब घेताना दोन्हींवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर एकच आहेत का ते बघा. एक २.५चा आणि एक ३.८चा आला की समांतरमध्येही एक मंद दिसतो आणि पोरगं म्हणतं नियम खोटा.

नववी_ब_पालक
धारा मोजायला अँमीटर एकसर जोडायचा हे माहीत आहे. पण मल्टिमीटरची लाल तार कुठे खोचायची? तीन भोकं आहेत.

मीटरवाली_महाल
काळी कायम "कॉम"मध्ये. बल्बच्या प्रयोगाला लाल तार १० अँपिअरच्या भोकात आणि फिरकी १० अँपिअरवर. रोधकांच्या प्रयोगाला लाल तार व्होल्ट-मिलिअँपिअरच्या भोकात आणि फिरकी २०० मिलिअँपिअरवर.

बल्बला २०० मिलिअँपिअरची पट्टी (रेंज) चालत नाही, दोन कारणांनी. बल्ब ०.३ अँपिअर ओढतो, म्हणजे पट्टीच्या बाहेर, आतला फ्यूज जाऊ शकतो. आणि त्या पट्टीवर मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ ओहम असतो. पेटलेल्या बल्बचा आठ-नऊ ओहम. त्यात १ ओहम एकसर घुसवला की मीटर लावल्याबरोबर बल्ब मंद होतो. ३२० ओहमच्या परिपथात तोच १ ओहम कुणाला जाणवत नाही.

सगळ्यात जास्त फ्यूज कशामुळे उडतात सांगू? धारा मोजून झाल्यावर लाल तार आणि फिरकी तशीच ठेवून व्होल्ट मोजायला मीटर सरळ सेलच्या दोन टोकांना लावतात त्यामुळे. तेव्हा मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार, शॉर्टच. १० अँपिअरच्या भोकाला स्वस्त मीटरांत फ्यूजही नसतो. तिथे तार आणि सेल दोन्ही तापतात.

तर्री_पोहे_१०वी
आणि उलट केलं तर? व्होल्टमीटर एकसर लावला तर काहून बल्ब विझतो? काहीच जळत नाही न?

मीटरवाली_महाल
काही जळत नाही. स्वस्त डिजिटल मीटरचा व्होल्ट पट्टीवरचा रोध साधारण १० लाख ओहम असतो. तो बल्बशी एकसर आला की धारा ३ मायक्रोअँपिअर, बल्ब कुठून पेटणार. गंमत अशी की मीटर तरीही जवळजवळ ३ व्होल्ट दाखवतो, कारण एकसर जोडणीत ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. मुलं म्हणतात "बल्बला ३ व्होल्ट मिळतात तरी पेटत नाही, बल्ब गेला." ते ३ व्होल्ट बल्बवरचे नाहीतच, मीटरवरचे आहेत.

खामला_जिज्ञासू
एक शंका. "करंट नेहमी कमी रोधाच्या वाटेने जातो" असं सगळेच सांगतात. मग १०० आणि २२० समांतर असताना २२०मधून करंट जातोच कसा?

सोनेगाव_सर
कारण ते सांगणं अर्धवट आहे. धारा सगळ्या वाटांनी जाते, रोधाच्या व्यस्त प्रमाणात. १००मधून ३० आणि २२०मधून १३.६, हे वर काढलंच आहे. गुणोत्तर २.२ला १. ते वाक्य फक्त शॉर्टच्या बाबतीत खरं वाटतं, कारण तारेचा रोध ०.०५ ओहम आणि बल्बचा ८ ओहम असेल तर बल्बच्या वाट्याला १६० पटीनं कमी येतं. तेव्हाही शून्य येत नाही. नियम म्हणून ते वाक्य वर्गात वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खामला_जिज्ञासू
आणि एकसर जोडणीत पहिल्या बल्बनं थोडा करंट "खाल्ला" म्हणून दुसरा मंद?

सोनेगाव_सर
दोन सारखे बल्ब एकसर लावून बघा, दोन्ही सारखेच मंद दिसतात. सेलची टोकं उलटवा, तरीही सारखेच. धारा खाल्ली जात नाही. विभवांतर वाटलं जातं आणि ऊर्जा उष्णता-प्रकाश होऊन बाहेर पडते. किरकोळ फरक दिसला तर बल्बांची जागा बदला. फरक बल्बाबरोबर गेला तर तो बल्बाचा, जागेचा नाही. दोन मिनिटांची ही अदलाबदल वर्गात कुणीच करून दाखवत नाही.

वायरमन_रेशीमबाग
सर, यात आमच्या कामातलं एक घाला. सिरीज बोर्ड. फेजच्या वाटेत १०० वॅटचा साधा फिलामेंट बल्ब आणि त्याच्याशी एकसर सॉकेट. दुरुस्त केलेली वस्तू आधी त्या सॉकेटला लावायची. वस्तू आतून शॉर्ट असली तर बल्ब पूर्ण पेटतो, एमसीबी (बोर्डातला सुरक्षा स्विच) पडत नाही, काही जळत नाही. वस्तू ओपन (आतून तुटलेली) असली तर बल्ब काळा. पंखा लावला तर बल्ब मंद पेटतो.

यात एक फसवणूक आहे. १००० वॅटची इस्त्री लावली तर बल्ब जवळजवळ पूर्णच पेटतो आणि नवीन पोरगा म्हणतो "भाऊ, इस्त्री शॉर्ट आहे." शॉर्ट नसते. म्हणून इस्त्री, गिझर तपासायला २०० वॅटचा बल्ब बरा, फरक जास्त कळतो. अर्थात बॉडीला करंट आहे का ही चाचणी वेगळी, ती सिरीज बोर्डावर या जोडणीनं कळत नाही.

सोनेगाव_सर
उत्तम उदाहरण, आकडे घालू या. २३० व्होल्ट धरून १०० वॅटच्या बल्बचा रोध २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम, १००० वॅटच्या इस्त्रीचा ५२.९. एकसर एकूण ५८१.९. बल्बच्या वाट्याला २०९ व्होल्ट. २३० आणि २०९ मधला फरक डोळ्याला पटकन कळणार नाही. २०० वॅटच्या बल्बचा रोध २६४.५, त्याच्या वाट्याला सुमारे १९२. भाऊ म्हणतात तेच निघालं.

यावरून मुलांना नेहमी चकवणारा प्रश्न: ४० वॅट आणि १०० वॅटचे फिलामेंट बल्ब २३० व्होल्टवर एकसर. कोणता जास्त उजळ?

तर्री_पोहे_१०वी
१०० वॅट. पॉवर जास्त लिहिली आहे न.

सोनेगाव_सर
लिहिली आहे ती २३० व्होल्ट मिळाले तरची. एकसरमध्ये कुणालाच २३० मिळत नाहीत. ४० वॅटचा रोध १३२२.५ ओहम, १००चा ५२९. धारा २३० ÷ १८५१.५ = ०.१२४ अँपिअर, दोघांतून तेवढीच. ४० वॅटवर १६४ व्होल्ट, १००वर ६६. शक्ती ४०च्या बल्बात २०.४ वॅट, १००च्या बल्बात ८.२. उजळ दिसणार तो ४०चा. प्रत्यक्षात फरक याहून मोठा असतो, कारण १००च्या बल्बाची तार थंड राहते आणि थंड टंगस्टनचा रोध आणखी कमी. तो जेमतेम लालसर दिसतो.

समांतरमध्ये दोघांना २३० मिळतात, तेव्हा १०० वॅटचाच उजळ. एका ओळीत: एकसरमध्ये धारा समान, मोठा रोध जास्त तापतो, समांतरमध्ये विभवांतर समान, लहान रोध जास्त तापतो. कोणतं सूत्र वापरायचं ते काय समान आहे यावरून ठरवा.

वायरमन_रेशीमबाग
आणि हे कागदावरच. पोट्ट्यांनी घरच्या बोर्डात २३० व्होल्टवर बल्ब एकसर लावायचे नाहीत. उघड्या होल्डरवर विझलेला बल्बसुद्धा करंट मारतो. एकसरमध्ये एक बल्ब काढला तर मोकळ्या होल्डरच्या दोन टिकल्यांमध्ये पूर्ण २३० उभे राहतात.

मीटरवाली_महाल
या शेवटच्या वाक्यावर अख्खा तास होऊ शकतो! तुटलेल्या जागी सगळं विभवांतर. सेलवर करून बघा: एकसरमधला एक बल्ब ढिला करा, व्होल्टमीटर आलटून पालटून दोन्ही होल्डरवर लावा. घट्ट बसवलेल्या बल्बवर शून्य, मोकळ्या होल्डरवर ३. दिवाळीच्या बंद पडलेल्या माळेतला गेलेला दिवा शोधण्यामागे हेच तत्त्व. एलईडीच्या माळेत दिव्यांचे गट आतून एकसर असतात आणि ते गट आपसांत समांतर, म्हणून अर्धी-पाव माळ काळी होते, अख्खी नाही.

खामला_जिज्ञासू
उन्हाळी प्रश्न. कुलरमध्ये पंखा आणि पंप समांतर, म्हणजे पंप चालू केला तर पंख्याला फरक पडू नये. बरोबर? मग घरात दुसरं काही जड सुरू झालं की दिवे क्षणभर का झुकतात? वायरिंग तर समांतर असते न.

मीटरवाली_महाल
पहिल्या पोस्टचंच मोठं रूप. घरातल्या वस्तू आपसांत समांतर, पण खांबावरून मीटरपर्यंत आणि मीटरपासून बोर्डापर्यंतची तार त्या सगळ्यांशी एकसर. तिच्यातून सगळ्यांची मिळून धारा जाते. मोटर सुरू होताना चालतानाच्या कैकपट धारा ओढते, तेव्हा तारेत जास्त व्होल्ट पडतात आणि सगळ्यांना मिळून कमी मिळतात. कुलरचा पंप इतका लहान असतो की त्याचा परिणाम दिसत नाही.

वायरमन_रेशीमबाग
एक्स्टेन्शनचं गणित सांगून देतो, कारण उन्हाळ्यात कुलर खिडकीत आणि प्लग दुसऱ्या खोलीत, हे घरोघरी. ०.७५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर किलोमीटरला साधारण २६ ओहम. १५ मीटरचं एक्स्टेन्शन म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर, ०.७८ ओहम. २०० वॅटचा कुलर एक अँपिअरच्या आत-बाहेर, पाऊण व्होल्ट पडतो, काही बिघडत नाही. त्याच एक्स्टेन्शनवर २००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड लावला तर ८.७ अँपिअर, ६.८ व्होल्ट आणि तारेतच जवळजवळ ६० वॅट उष्णता. वायर गुंडाळून ठेवलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही, आतलं वेष्टन मऊ पडतं. बरेच जण फक्त सॉकेट तपासतात, गुंडाळी उघडत नाहीत.

सोनेगाव_सर
आणि तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांच्या तक्त्यातला आकडा आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना दहाएक टक्के कमी पडतो. नागपुरात तक्ते जरा हात राखूनच वाचावेत.

तर्री_पोहे_१०वी
मला गणितात आकृती बघून एकसर की समांतर तेच कळत नाही. समांतर रेषांत काढलं असलं की समांतर, हे चालत नाही असं सर म्हणतात.

सोनेगाव_सर
चालत नाहीच. रेषा कशा काढल्या याचा काही संबंध नाही. रंगाच्या पेन्सिली घ्या. सेलच्या धन टोकापासून निघा आणि मध्ये एकही रोधक, बल्ब किंवा सेल न ओलांडता जिथे जिथे तार जाते तिथे लाल करा. फाटे फुटले तरी लालच. रोधक ओलांडला की रंग बदला. शेवटी सगळी तार रंगलेली असेल. आता प्रत्येक रोधकाला विचारा: तुझी दोन टोकं कोणत्या दोन रंगांत? ज्यांची रंगजोडी एकच ते समांतर. एखाद्या रंगाला फक्त दोनच वस्तूंची टोकं लागली असतील तर त्या दोन वस्तू एकसर. दोन्ही लागू होत नसेल तर ते दोन रोधक एकसरही नाहीत आणि समांतरही नाहीत, तसंही असतं.

हे करून बघा. अ, ब, क, ड असे चार बिंदू एका सरळ रेषेत. अ-ब मध्ये २ ओहम, ब-क मध्ये ३ ओहम, क-ड मध्ये ६ ओहम. एक नुसती तार अ ते क, दुसरी ब ते ड. सेल अ आणि ड ला. एकूण रोध किती?

तर्री_पोहे_१०वी
एका ओळीत आहेत म्हणून ११.

बर्डी_का_बच्चा
रंग दे न आधी.

तर्री_पोहे_१०वी
अ लाल. तारेनं क पण लाल. ड निळा, तारेनं ब पण निळा. म्हणजे २ लाल-निळा, ३ निळा-लाल, ६ लाल-निळा. तिन्ही समांतर!! मग २×३×६ ÷ (२+३+६) = ३६ ÷ ११ = ३.२७ ओहम.

मीटरवाली_महाल
रंग अचूक, सूत्र चुकलं. गुणाकार भागिले बेरीज फक्त दोन रोधांना चालतं. एकक बघा: तीन ओहमांचा गुणाकार भागिले ओहम, उत्तर "ओहम वर्ग" येतं, म्हणजे तो रोधच नाही. दुसरी खूण अशी की समांतर उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षा लहान यायला हवं. ३.२७ हे २ पेक्षा मोठं, तिथेच थांबायला हवं होतं.

१/२ + १/३ + १/६ = १. आणि शेवटचं उलटं करायला विसरू नका. इथे १ चं उलटं १च, म्हणून हे गणित विसरभोळ्यांना वाचवतं. ३ आणि ६ समांतर घेतलं तर १/३ + १/६ = १/२ येतं, उत्तर २ ओहम. अर्ध्या वर्गाचं उत्तर तिथे ०.५ असतं.

बर्डी_का_बच्चा
विज्ञान प्रदर्शनासाठी संत्र्याची बॅटरी विचारून राहिले पोट्टे. नागपूरचं संत्रं म्हटल्यावर सगळ्यांना तेच सुचतं. तांब्याची तार आणि जस्त चढवलेला खिळा खोचला, मीटरवर ०.९ व्होल्ट. तीन लावले तरी टॉर्चचा बल्ब पेटत नाही.

मीटरवाली_महाल
पेटणारही नाही. मीटरला धारा लागतच नाही म्हणून तो ०.९ दाखवतो. संत्र्याचा अंतर्गत रोध हजारो ओहममध्ये असतो, साध्या खिळ्यानं अर्धा-एक मिलिअँपिअर निघाला तरी खूप. बल्बला हवेत ३००. एकसर लावल्यानं व्होल्ट वाढतात, पण अंतर्गत रोधही तेवढ्याच पटीत वाढतात. धारा वाढवायला समांतर रांगा लागतील. अर्ध्या मिलिअँपिअरनं ६०० रांगा आणि प्रत्येक रांगेत चार-पाच संत्री. कळमन्याच्या घाऊक बाजारातून टेम्पो बोलवा.

लाल एलईडी मात्र पेटते, तिला पावणेदोन-दोन व्होल्ट आणि अगदी थोडी धारा पुरते. चार संत्री एकसर: पहिल्याचा तांबा एलईडीच्या लांब पायाला, पहिल्याचा खिळा दुसऱ्याच्या तांब्याला, असं करत शेवटचा खिळा आखूड पायाला. पांढरी किंवा निळी एलईडी घेऊ नका, तिला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. नेहमीची चूक: एकाच संत्र्यात दोन तांबे आणि दोन खिळे खोचून "दोन सेल एकसर" म्हणणं. रस एकच, आतूनच जोडलेला, व्होल्ट वाढत नाहीत. संत्रं कापून दोन फोडी वेगळ्या वाट्यांत ठेवल्या तर दोन सेल होतात. फोडींतून जस्त उतरतं, नंतर त्या खायच्या नाहीत. फलकावर "संत्र्यातील वीज" लिहू नका, परीक्षक पकडतील. ऊर्जा जस्त झिजण्यातून येते, संत्रं फक्त आम्ल पुरवतं.

नववी_ब_पालक
वाचनं घेतली. होल्डरच्या तारांवर: बल्ब नसताना ३.१० व्होल्ट. एक बल्ब: २.७२ व्होल्ट, ०.३१ अँपिअर. दोन समांतर: २.४० व्होल्ट, एकूण ०.५८ अँपिअर. दोन एकसर: २.८४ व्होल्ट, ०.२२ अँपिअर. सेल साधे झिंक-कार्बनचे आहेत.

दोन बल्ब एकसर केल्यावर धारा ०.३१ ची अर्धी व्हायला हवी होती न? ०.२२ कशी?

मीटरवाली_महाल
फार स्वच्छ वाचनं आहेत. आधी अंतर्गत रोध. एका बल्बला (३.१० − २.७२) ÷ ०.३१ = १.२३ ओहम. दोन समांतरला (३.१० − २.४०) ÷ ०.५८ = १.२१. एकसरला ०.२६ ÷ ०.२२ = १.१८. म्हणजे सेल आणि होल्डर मिळून १.२ ओहम. तीन वेगवेगळ्या जोडण्यांतून तोच आकडा येतोय, तेव्हा मोजणी पक्की.

आता २.७२ वरून २.४० म्हणजे व्होल्ट १२ टक्क्यांनीच उतरले, पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टच्या साधारण साडेतीनाव्या घातानं बदलतो. प्रकाश एक तृतीयांशानं घटतो. म्हणून डोळ्याला "चांगलाच मंद" दिसला.

सोनेगाव_सर
अर्ध्या धारेचं मी सांगतो. एकटा असताना बल्बचा रोध २.७२ ÷ ०.३१ = ८.८ ओहम. एकसरमध्ये प्रत्येकाला १.४२ व्होल्ट, १.४२ ÷ ०.२२ = ६.५ ओहम. तार कमी तापली, रोध घटला, म्हणून धारा अर्ध्यापेक्षा जास्त. बल्ब काढून थंड मोजला तर मीटर जेमतेम एक ओहमच्या आसपास दाखवेल, तोही तारांचा रोध वजा करून. ओहमच्या नियमात तापमान स्थिर हवं, ही अट मुलं पाठ करतात आणि विसरतात. ती अट कशासाठी आहे ते या वाचनांत दिसतं.

याच मांडणीवर १०० आणि २२० ओहम लावून बघा. तिथे एकसर-समांतरचे आकडे कागदाशी जुळतील.

नववी_ब_पालक
लावले. एकसर ९.६ मिलिअँपिअर, समांतर ४३.१. कागदावर ९.४ आणि ४३.६.

मीटरवाली_महाल
कागदावर ३ व्होल्ट धरले होते, तुमचा सेल ३.१०चा आहे, आणि मीटरचा १ ओहम व सेलचा १.२ दोन्ही एकसर आहेत. ३.१० ÷ (३२० + २.२) = ९.६. समांतरला ३.१० ÷ (६८.७५ + २.२) = ४३.७, रोधकांच्या सोनेरी पट्ट्यात ४३.१ आरामात बसतं. वहीत हेच लिहून द्या, फरकासकट.